भिकाची दाढ आणि झाडाचं पाणी

अर्धं अंगण सारवून झालं होतं. चिमीचे हात कोपरापर्यंत शेणानं माखलेले, आणि समोरून तिचा नवरा भिका आला तो हनुवटीला तंबाखूचं पान चिकटवून.

"हे काय? आता दाढीलाही तंबाखू लागते का?"

"ब्लेड नवं होतं. जरासं लागलं."

जरासं लागून पाऊण तास झाला होता, तरी पानाखालून रक्त झिरपत होतं. गेल्या महिन्यात चूळ लाल झाली तेव्हा दोष ब्रशचा होता. दंडावर काळेनिळे डाग उठले तेव्हा खाटेचा. भिकाच्या घरात दोषी कायम दुसरंच कुणीतरी असायचं.

भिका ताडी काढायचा. त्याच्याइतका झटपट ताडावर चढणारा दुसरा नाही, असं लोक म्हणत. त्याच्याइतका सावकाश उतरणाराही नाही, असं चिमी म्हणे. वरच्या वर एखादं मडकं हलकं व्हायचं ना!

आज मात्र दाढ ठणकत होती, गाल टम्म फुगला होता. चिमीनं हात धुतले, महालक्ष्मीच्या तसबिरीपुढं उदबत्ती लावली आणि सारवण तसंच टाकून त्याला तलासरीला दातांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर निलम वयानं लहान, पण चौकशी पोलिसासारखी. "भिकाकाका, दारू घेता?"

भिकानं दोन्ही कान धरले. "कधी शिवलो नाही, बाय. महालक्ष्मीची शपथ."

चिमी दचकली. त्याच्या लेखी शपथ खरी होती, तीच पंचाईत. दारू म्हणजे बाटलीतली. ताडी म्हणजे झाडाचं पाणी. आंब्याचा रस पिणारा बेवडा ठरतो का, असं तो पाड्यावर ठणकावून विचारायचा. अर्धा पाडा मान डोलवायचा, कारण तोही मडक्यापाशीच बसलेला असायचा.

डॉक्टरनी भुलीची सुई भरली. चिमीनं हनुवटीकडं पाहिलं. ब्लेडच्या ओरखड्याचं रक्त थांबेना, तिथं दाढ उपटल्यावर काय होईल?

"डॉक्टर, हा दारू पीत नाही," ती म्हणाली. "फक्त पहाटे ताडी, दुपारी ताडी, आणि झाडाला वाईट वाटू नये म्हणून संध्याकाळी पुन्हा ताडी. तीस वर्षं झाली."

बाहेर बाकड्यावर कुणीतरी खो खो हसलं.

"चिमे!" भिका ओरडला.

डॉक्टरनी सुई खाली ठेवली. पान उचलून पाहिलं, पिवळट डोळे पाहिले, दंडावरचे डाग पाहिले.

"काका, बोकडाची कलेजी असते ना, तसं लिव्हर आपल्यालाही असतं. रक्त गोठवणारी प्रथिनं बहुतेक तिथंच तयार होतात. लिव्हर बिघडलं की ती कमी पडतात. दूध आहे, पण विरजण नाही; दही लागणार कसं? आज दाढ काढली असती तर रक्त आवरलं नसतं."

"म्हणजे दोष ताडाचा?"

"ताड जागेवरच होता," चिमी म्हणाली. "चढून तू गेलास."

डॉक्टरनी त्याचं रक्त तपासायला पाठवलं, दुपारी रिपोर्ट आला. तपासणीच्या नळीत औषध घातल्यावर गोठायला निरोगी रक्ताला बारा-तेरा सेकंद पुरतात, भिकाच्या रक्तानं चोवीस घेतले. डॉक्टरनी सुजेवर गोळ्या दिल्या, दाढ तूर्तास राहू दिली आणि ताडी बंद केली.

"औषधापुरती, अर्धा पेला?"

"थेंबही नाही."

घरी येताच चिमीनं त्याचा ताडी काढायचा कोयता उचलून देवघराच्या फळीवर ठेवला. तिथं हात घालायची भिकाची छाती नव्हती. तो गाल धरून खाटेवर बसला, आणि चिमीनं उशाला गोळ्या ठेवल्या. उद्या सकाळच्या एसटीनं त्याला पोटाची सोनोग्राफी करायला डहाणूला न्यायचं होतं.