पलीकडच्या रेतीवरची घुबडं

संध्याकाळची संध्या पश्चिमेकडे तोंड करून करायची, आणि काशीच्या घाटावर पश्चिमेला असतात पायऱ्या आणि भिंती. सूर्य त्यांच्यामागे केव्हाच गेलेला असतो. वेदपाठशाळेत शिकवून निवृत्त झालेल्या माझ्या बाबांना भिंतीला अर्घ्य देणं पटत नसे. म्हणून नव्वदच्या दशकातल्या त्या हिवाळ्यांत रविवारी आई, बाबा आणि मी राजा घाटावरून नावेने पलीकडच्या रेतीवर जायचो. तिथून सूर्य सबंध शहरामागे सावकाश उतरताना दिसायचा. आईच्या डब्यात दशम्या आणि ताज्या मटारची उसळ असायची.

अर्घ्य झालं की बाबा जपाला बसत. हा जप खरं तर चांदण्या दिसेपर्यंत करायचा, पण बाबांचं शास्त्र निराळं. गवतातून पहिलं घुबड उठलं की तेही उठायचे. ही घुबडं थंडीपुरती येणारी, झाडावर नाही तर जमिनीवर गवतात बसणारी. धुक्यातून ती इतकी खालून आणि इतकी निःशब्द जायची की आपण जागे आहोत की झोपेत, हेच कळेनासं व्हायचं.

"संध्येला घुबडाची वाट बघणारा ब्राह्मण मी हाच पाहिला," आई म्हणायची.

"अगं, पूर वेळेवर ओसरला की गवत होतं, गवत झालं की उंदीर होतात, आणि उंदीर झाले की घुबडं येणारच. मी कुठे आवतण देतो त्यांना!"

मग बाबांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंबांवर सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं. थेंबांची बाटली देवघरात गंगाजलाशेजारी आली आणि त्या विषयावर घरात कुणी बोलेना.

त्या हिवाळ्यात रेतीवर एकही घुबड आलं नाही. बाबा जप करत राहिले. अंधारून आलं, आरतीच्या घंटा पाण्यावरून ऐकू यायला लागल्या, तरी ते उठेनात.

"नाहीत, की मला दिसत नाहीत?" त्यांनी विचारलं. आवाज घाबरलेला होता.

खरंच नाहीत, असं आम्ही दोघींनी परोपरीने सांगितलं. पण आम्ही त्यांना धीर देतोय असंच त्यांना वाटलं. मला तर त्या घुबडांचाच राग आला. मेल्यांना नेमकं याच वर्षी दडी मारायची होती! शेवटी शेजारी रेतीत तरबूज लावणाऱ्या माणसाने ओरडून सांगितलं, "असों मूस नाहीं हौ, पंडितजी! एक्को बीया नाहीं खइलन."

"यंदा उंदीरच नाहीत, एकही बी खाल्लं नाही!" बाबांचा चेहरा उजळला. "पूर उशिरा गेला ना, गवत कुठून येणार!" परतताना नावेत त्यांनी उरलेल्या सगळ्या दशम्या संपवल्या.

पुढच्या हिवाळ्यात गवत चांगलं कमरेएवढं वाढलं. सूर्य शहरामागे गेला, पाण्याचा रंग राखेसारखा झाला आणि गवतातून एक घुबड उठलं. मग दुसरं, मग कितीतरी. सगळी रेती तरंगू लागल्यासारखी वाटली. एक तर बाबांच्या अगदी समोरून गेलं. बाबा शांतपणे पश्चिमेकडे पाहत जप करत होते. मी तोंड उघडणार, तोच आईने माझं मनगट घट्ट धरलं.

बऱ्याच वेळाने बाबांनी विचारलं, "यंदाही नाहीत वाटतं?"

"नाहीत," आई म्हणाली.

"बरं." ते आसन झटकून उठले. दोन पावलं चालले असतील नसतील, त्यांचा पाय घोट्यापर्यंत रेतीत गेला. ते खाली वाकले आणि हाताने चाचपू लागले. तिथे एक बीळ होतं. त्याच्या शेजारी दुसरं, आणि पुढे आणखी. बाबा बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"उंदीर मात्र पुष्कळ झालेत गं," ते म्हणाले.

नावेपर्यंतची वाट बाबांच्या पायाखालची होती, तरी त्यांनी आईपुढे हात केला.