परभणी जिल्ह्याची बिअरयात्रा, मार्गे पोखर्णी

शहाऐंशीच्या हिवाळ्यात माझा वर्गमित्र वसंता जर्मनीहून सुट्टीवर आला. तिकडे तो बिअरच्या कारखान्यात केमिस्ट होता. गावी पोखर्णीला, देवळात पोथी सांगणाऱ्या त्याच्या वडिलांना, अण्णांना, मात्र त्यानं 'सातूच्या कारखान्यात' आहे असं कळवलं होतं. खोटं काहीच नव्हतं. त्या सातूची बिअर होते, एवढंच लिहायचं चार वर्षं राहून गेलं होतं.

घरी तीन दिवस उशिराची तारीख कळवून तो परभणीत स्टेशनसमोरच्या लॉजवर उतरला. "तिकडं मी दर सुट्टीत गावोगावची बिअर चाखत फिरतो," तो म्हणाला. "आपल्या जिल्ह्यात काय हाय ते बघू. मग जाईन घरी."

मी परभणीतच शाळेत विज्ञान शिकवायचो. प्रयोगाला नाही म्हणणं मला शोभलं नसतं.

पहिला मुक्काम परभणीचा परमिट रूम. जाणाऱ्यांसाठी सूचना: दार मागच्या बोळात आहे आणि आत पडदे असतात. पडदे सौंदर्यासाठी नसून मास्तर लोकांसाठी असतात. वसंतानं बाटलीला हात लावला आणि दचकला.

"गरम हाय की ही!"

"फ्रीज हाय साहेब," वेटर म्हणाला, "लाइट न्हाई."

बर्फ वेगळा मिळाला, त्यात लाकडाचा भुसाही होता, त्याचे पैसे घेतले नाहीत. वसंता तिकडच्या जत्रेबद्दल सांगत राहिला. भले मोठे तंबू, बँडबाजा, आणि एकाच बाकावर आजोबा, सूनबाई आणि गावचा पाद्री, सगळ्यांपुढे लिटरचे मग. मी पडद्याच्या फटीतून आमचे हेडमास्तर दिसतात का ते बघत ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी मानवत. एसटीनं तासाभराचा रस्ता, पण विद्यापीठाच्या नामांतरावरून रास्ता रोको होता, गाडी दोन तास उभी. पोचलो तर दुकानाला कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, "मालक लग्नाला गेलेत. तुमी भजी खा." खाल्ली. मानवतच्या बिअरबद्दल मला एवढीच माहिती देता येते. भजी उत्तम.

तिसऱ्या दिवशी पॅसेंजरनं चुडाव्याला. स्टेशनपासून थोडं चाललं की झाडाखाली एक बाई माठ घेऊन शिंदी विकत बसायची. वसंतानं ग्लास उजेडात धरला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि गंभीरपणे विचारलं, "मावशी, किती वेळ आंबवता?"

"आमी कशाला आंबवू? ती आपली आपणच आंबतीय. सकाळी आले असते तर गोड भेटली असती."

हे शिकायला वसंता चार वर्षं जर्मनीत होता. तो हसला नाही. दुसरा ग्लास संपवून म्हणाला, "उद्या घरी जायचंय. तू चल संगं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही बिअर शोधत नव्हतो, पोखर्णी टाळत होतो.

पोखर्णीत अण्णांनी देवळापुढे सतरंजी अंथरून ठेवली होती. चाळीसेक माणसं, हार, नारळ. अण्णा कौतुकानं म्हणाले, "वसंता, सांग सगळ्यांना. त्या सातूचं तिकडं करतेत तरी काय?"

वसंतानं माझ्याकडे पाहिलं. मी नारळाकडे पाहिलं.

"दारू करतो, अण्णा," तो म्हणाला. "बिअर म्हणतेत तिला."

कोणी तरी खोकलं. अण्णा उठले, चपला घातल्या आणि घराकडे चालू लागले. आम्ही मागोमाग. घरी त्यांनी आम्हाला वाढलं, स्वतः जेवले नाहीत. वसंताचा घास हातातच राहिला.

"अण्णा, मला भ्या वाटायलं होतं..."

"मला काय कळत न्हाई व्हय?" अण्णा म्हणाले. "पहिल्याच वर्षी तू फोटो धाडलास. तुझ्या मागं ही मोठाली पिंपं. सातूला पिंपं कशाला लागतेत? मी वाट बघत होतो, तू कधी सांगतोस. खोटं तू एकदाच लिहिलंस. गावात चार वर्षं मी सांगत फिरलो."

वसंता ताटावरच रडला. अण्णांनी त्याच्या भाकरीवर तूप वाढलं.

तो परत गेल्यावर कोणी विचारलं की अण्णा ठणकावून सांगायचे, "मुलगा दारूच्या कारखान्यात हाय." आणि सांगून झालं की चपला घालून घराकडे चालू लागायचे. दोन वर्षांनी वसंता पुन्हा आला, तो स्टेशनवरून थेट पोखर्णीला. लॉजवाल्याचं नुकसान झालं.

आणि मी? तिन्ही संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगितलं की शाळा तपासणीचं काम आहे. तिनं "दमला असाल" म्हणून तिन्ही वेळा पाणी तापवून दिलं. पोखर्णीहून आलो त्या दिवशी सगळं सांगायचं ठरवून उंबरा ओलांडला, आणि तपासणी संपली असं म्हणालो. जवळजवळ चाळीस वर्षं झाली. आता हा मजकूर छापायला देण्याआधी तो तिला वाचून दाखवायचा आहे. सकाळपासून ती दोनदा समोर येऊन बसली, आणि दोन्ही वेळा मी चहा मागितला.