फोरमनकाकांचा स्टॅबिलायझर

फोरमनकाकांना कोणी काही विचारलं नाही, तरी ते उत्तर देत. पोलादाच्या प्लांटच्या इलेक्ट्रिकल खात्यातून फोरमन म्हणून रिटायर झाले, सेक्टर सहाचं कंपनीचं क्वार्टर सोडून हुडको कॉलनीत आमच्या शेजारी आले, आणि गल्लीतल्या प्रत्येक स्विचबोर्डावर आपलाच हक्क असल्यासारखे वागू लागले. खिशाला टेस्टर कायम. इतका आगाऊ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"म्या फर्नेसच्या मोटरी चालवल्या, हा डब्बा काय चीज आहे?" हे त्यांचं पालुपद. डब्बा म्हणजे आमचा कॉम्प्युटर. कुणाची मिक्सी बंद पडली की काका आधी प्लांटचा पराक्रम सांगत, मग पाना मागत. दुरुस्त झाली तर काकांमुळे, जळाली तर माल भंगार. बाबा मात्र त्यांच्या शब्दाबाहेर जात नसत. बाबांची प्लांटमधली उभी हयात काकांच्या हाताखाली गेलेली.

माझ्या धाकट्या बहिणीचा, वर्षाचा, पुण्याच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू होता. घरूनच, कॉम्प्युटरवर. बाबांनी बजावलं होतं, नोकरी लागली तर जा पुण्याला, नाहीतर गोंदियाच्या स्थळाला मी हो म्हणतो. पोरगी आठवडाभर धड जेवली नव्हती.

हुडकोत लाइट जाते-येते, पण आमचा यूपीएस ते निमूट सांभाळायचा. त्या सकाळी काका आपल्या जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर बगलेत मारून हजर. "आज रिस्क नको," म्हणत त्यांनी तो यूपीएस आणि कॉम्प्युटरच्या मधे बसवला.

"काका, लावायचाच तर यूपीएसच्या आधी लावा ना," मी म्हटलं.

"मले नको शिकवू. बॅटरीचा करंट कच्चा रायते, त्याले पक्का करून राहिलो."

बाबांनी माझ्यावर डोळे वटारले.

इंटरव्ह्यू रंगात आला होता, वर्षा हसून उत्तर देत होती, आणि लाइट गेली. यूपीएसने आपलं काम केलं. पण फ्रिजचा स्टॅबिलायझर करंट जरा हलला की काही मिनिटं पुढे सोडतच नाही, कंप्रेसर जळू नये म्हणून. आमच्या कॉम्प्युटरला कुठला कंप्रेसर? स्क्रीन काळी झाली.

"कावून घाबरून राहिली? डिले आहे त्याले. आत्ता येते," काका खुर्चीवरून न उठता म्हणाले. वर्षा फोनवरून जोडू लागली, तोवर तिकडच्यांनी पुढच्या मुलीला घेतलं होतं.

पडलो तरी नाक वर! "मशीन वाचली का नाही? नोकऱ्या हजार भेटतेत," असं म्हणून काकांनी चहा मागितला. आईने दिला, हे मला आजही सहन होत नाही. संध्याकाळी बाबांनी गोंदियाला फोन लावला.

लग्नाची रोषणाई काकांनीच केली. वर्षा निघाली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून बाबांपेक्षा जास्त रडले. तेवढं रडणं खरं होतं, हे नाइलाजाने मान्य करतो.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. मी वर्षाला कळवलं. फोनवर तिने एवढंच विचारलं,

"दादा, तो डब्बा त्यांच्यामुळंच बंद पडला, हे त्यांले कोणी सांगतलं होतं का?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि रडू लागली.

मला मात्र ते बरं झालं असं अजूनही वाटत नाही.