सुनेत्राबाईंचा आवाज

रत्नाकररावांची चौतीस वर्षं संरक्षण खात्याच्या कारखान्यात लोखंड ठोकण्याच्या यंत्रावर गेली. घण पडायचा आणि दर घणाला कान थोडे थोडे जायचे. आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी, चिमण्या आणि मग बायकोचा आवाज. सुनेत्राबाई भुलाबाईची गाणी म्हणायच्या, तेव्हा हे समोर बसून मान डोलवायचे. बाईंच्या शेवटच्या सहा वर्षांत त्यातलं अक्षरही त्यांना ऐकू आलं नव्हतं. गुपचूप जाऊन कानाचं मशीन आणलं, तर त्यातून पंखा ऐकू येई, माणूस नाही. ते कपाटात गेलं. बायकोचं रोजचं बोलणं रत्नाकरराव ओठांवरून ओळखत. पुढे सुनेत्राबाईही गेल्या, पण शेवटपर्यंत त्यांना याचा पत्ता लागला नाही.

मुलगी प्रणोती बँकेत होती. तिचा आवाज बापावर गेलेला, जाडसर. तिचं बोलणं त्यांना कळायचं, त्यामुळे झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

मदन महल वस्तीतल्या घराच्या मागच्या खोलीत तिने दोन वर्षं एकटीने खपून एक अल्बम केला. गाणी आईच्याच आवाजातली, फोनवर टिपून ठेवलेली. बाकी सगळं कॉम्प्युटर आणि सिंथेसायझरचं. सूर असे घुमवलेले, ताणलेले, की ऐकणाऱ्याला न पिता भांग चढावी. तो बाहेर जाण्याआधी बाबांनी ऐकायचा, हे तिचं ठरलेलं होतं.

रविवारी ते हेडफोन लावून पहिलं गाणं ऐकायला बसले. खालची ढमढम तेवढी आली. लेकीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी बेताने डोळे मिटले, शेवटी पुसलेही.

"तुझी आईच समोर बसून गाऊन राहिली, असं वाटलं."

प्रणोतीने कौतुकाने स्क्रीनकडे पाहिलं आणि थबकली. गडबडीत आईचा आवाज म्यूटच राहिला होता.

"बाबा, आईचा आवाज तर यात नव्हताच. काहून असं म्हटलं तुम्ही?"

सत्तरीच्या माणसाला चोरी पकडल्यासारखी लाज वाटली. मग त्यांनी सगळं सांगितलं, पार कुकरच्या शिट्टीपासून.

"आईला माहीत होतं?"

"नाही. तिला वाटे, मला तिचं गाणं लई आवडते."

पुढचे आठ दिवस बँकेतून आली, की प्रणोती त्याच गाण्याला बसे. आईच्या आवाजाची पट्टी तिने खाली, अजून खाली उतरवत नेली, बाबांचे कान जिथे शाबूत होते तिथवर.

"आता ऐका."

शब्द आले. इतक्या वर्षांनी बायकोचे शब्द त्यांच्या कानात स्वच्छ पडले. पण आवाज कुणा अनोळखी पुरुषाचा होता. त्यांना रडू कोसळलं, आणि या वेळी ते खरं होतं.

"आई आहे ना, बाबा?"

हो म्हणायला जीभ सरावलेली होती. त्यांनी ती आवरली.

"नाही बेटा. शब्द तिचे आहेत, ती नाही."

"अजून करून पाहते ना. अल्बममध्येही हेच ठेवू, तुमच्यासाठी."

त्यांनी हेडफोन काढून तिच्या हातात दिले.

"नको. तिचा आवाज होता तसाच राहू दे. लोकांना तरी ऐकू येईल."