कोळसेतात्यांचा तांब्या

कोळसेतात्या दारात आले की त्यांच्या तोंडाकडे कुणी बघायचं नाही. सगळे बघायचे त्यांच्या हातातल्या तांब्याकडे. तात्या पाणी प्याले, तर दवाखान्यातलं माणूस जिवंत. तांब्या तसाच परत केला, तर गेलं. तोंडाने ते काय बोलतात, याला तिसगावात कवडीची किंमत नव्हती.

लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून नगरची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. तिच्या मागच्या भट्टीत कोळसा घालायचं काम तात्यांचं. हात, मान, मिशा, सगळं काळं. मोटार दुपारभर नगरला उभी असायची, तेवढ्यात ते दवाखान्यात जाऊन आमच्या भागातल्या रोग्यांची खबर आणत. आम्ही विचारलं की नर्स डॉक्टरांकडे बोट दाखवायची आणि डॉक्टर घड्याळाकडे. तात्या कुणाला विचारतच नसत. बायकांच्या वॉर्डाच्या खिडकीखाली उभं राहून ओरडायचे, "तिसगावची सखूबाई, हाय का गेली?" आतून सखूबाई जीव एकवटून शिव्या घालायची. "शिव्या देती, म्हंजी बरी हाय," असं तिच्या नवऱ्याला येऊन सांगायचे आणि वर पाणी मागायचे.

खिडकीखाली असा बेमुर्वत ओरडणारा हा माणूस दारात आला की मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. मेलेल्याला मेलं म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. "जरा जास्त हाय, चला," एवढंच. पण सुतकाच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही रीत ते पाळत, त्यामुळे तांब्या खोटं बोलत नसे. ते अंगणाबाहेर पडायच्या आत घरात रडारड सुरू व्हायची.

मग आमची आई टायफॉइडने तिथे पडली. त्या वॉर्डात नातेवाइकांना मज्जाव. खिडकीतून घटकाभर बघू दिलं आणि आम्हाला घरी पाठवलं. रोज संध्याकाळी मी तांब्या घेऊन दारात उभी. तात्या गटागटा पाणी पीत, तांब्यावर त्यांची काळी बोटं उमटत. "शांते, तुझी आई आज मला काळतोंड्या म्हनली. लई जगती बघ ती." त्या बोटांचे डाग मी घासून काढत नसे.

एका संध्याकाळी तात्या पळत आले. मी तांब्या पुढे केला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला.

"पानी ऱ्हाऊ दे. आई जास्त हाय, शांतीला बोलीवती. नाक्यावर लॉरी थांबवून आलोय, चला लगेच."

आबा, माझे वडील, भिंतीला टेकून खाली बसले. आत्याने हंबरडा फोडला.

"अवो, जित्ती हाय! गळ्याची आन, जित्ती हाय!" तात्या ओरडत राहिले. मी निघाले, तर आत्याने कवटाळून मला खाली बसवलं. नाक्यावर लॉरीने हॉर्न दिला, पुन्हा दिला, आणि ती निघून गेली. तात्या अंगणात उभे राहून आम्हाला शिव्या घालत होते आणि जमलेले लोक म्हणत होते, बिचाऱ्याला किती लागलंय.

बहिणीचं तोंड बघायला भाऊ हवा, म्हणून सायकलवर माणूस नेवाशाला गेला. मामा पहाटे पोचले, आणि सकाळच्या मोटारीने आम्ही सगळे निघालो. सवाष्ण गेली, म्हणून माझ्या मांडीवर हिरवं लुगडं, चुडा, कुंकू. वाटभर तात्या मागून सांगत होते आणि मामा त्यांची समजूत घालत होते.

आई जिवंत होती. शुद्धीवर होती. खिडकीत तिने आधी मला बघितलं, मग आबांना, मामाला, आणि मग माझ्या हातातलं लुगडं. त्याच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"आनलंच हाय तर ठिवून जा," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं. मी हाका मारल्या. ती वळली नाही. गलका झाला म्हणून नर्सने आम्हाला हुसकावलं.

फाटकाशी आत्या तात्यांवर तुटून पडली. "मेल्या, दोन घोट प्याला असतास तर काय बिघडलं असतं?" एरवी सात पिढ्या उद्धरणारे तात्या मान खाली घालून उभे राहिले. "इथनं पुढं पानी पिऊनच बोलीन," म्हणाले. "मेल्याच्या घरीबी पिईन." मला आत्याचा राग आला, आबांचा आला, त्या मेल्या रीतीचा आला. तात्यांचा कधी आला नाही, आजही येत नाही.

चार-दोन दिवसांनी तात्या आले. सावकाश आले. आपणहून पाणी मागितलं आणि उभ्याउभ्या सगळा तांब्या प्याले. गळ्यावरून ओघळलेल्या पाण्याने कोळशात एक गोरी रेघ उमटली.

"गेली, आबा," तात्या म्हणाले. हा शब्द त्यांनी दारात पहिल्यांदाच उच्चारला.

आबा रिकाम्या तांब्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा उजळला.

"शांते, बघितलंस? पानी प्याला त्यो. बरी हाय तुझी आई." आणि तात्यांच्या काळ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "उंद्याच्या मोटारीत दोन जागा धरून ठिव. तिची समजूत काढून येतो."