निघायच्या बेतात

रविवारी सकाळी मी अंधेरीला एका शाळेच्या वर्गात जपानी शिकायला जातो. बाकं पाचवीतल्या मुलांच्या मापाची, त्यामुळे गुडघे पोटाशी येतात. शिकवणाऱ्या बाई मुलुंडहून येतात. साठी उलटलेली, पण आवाज खणखणीत. त्यांना आम्ही सेन्सेई म्हणतो आणि त्या आम्हाला सरळ अरेतुरे करतात.

त्या रविवारी दोन रूपं होती. पहिलं सोपं निघालं. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं, अगदी मराठीसारखंच. दुसरं 'ताबेयोऊ तो सुरु'. खाऊ पाहणं, खायच्या बेतात असणं. सेन्सेई म्हणाल्या, "खाऊन बघितलं म्हणजे घास पोटात गेला. दुसऱ्यात तो अजून हातातच आहे. पुढे तोंडात जाईल, नाहीतर दाराची बेल वाजेल." मावळायला टेकलेल्या सूर्यालाही हेच रूप लावतात म्हणे. सूर्य बिचारा कसला प्रयत्न करतोय, असं मी विचारलं. त्यांनी ते कानाआड केलं आणि सगळ्यांना वाक्यं लिहायला बसवलं.

मी लिहिलं: मी बाहेर पडणार एवढ्यात बाबांनी हाक मारली. मी जेवायला बसणार एवढ्यात बाबांची चादर ओली झाली. मी मित्राला भेटायला निघालो होतो, पण आईची कंबर धरली. बाबा उठू पाहत होते, पण त्यांना उठता आलं नाही.

सेन्सेईंनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "व्याकरण झकास आहे. पण तुझ्या वाक्यांतलं कुणी घराबाहेर का पडत नाही रे?"

वर्ग हसला, मीही हसलो. आतून मात्र असा चिडलो की पुढचा अर्धा तास त्या काय शिकवत होत्या ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

चारकोपला आमचं बैठं घर आहे. एक खोली, मागे स्वयंपाकघर, वर पोटमाळा. बाबा गिरणीत होते, गिरणी गेल्यावर इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटीत पॅकिंगला लागले. गेल्या वर्षी त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्यांची खाट दाराला लागून आहे, कारण वारा तिथेच येतो. म्हणजे बाहेर पडायचं तर त्यांच्या पायथ्याशी अंग चोरूनच पडावं लागतं. आणि मी तिथवर आलो की ते हमखास विचारणार, "खंय चललंस?"

निघणाऱ्याला कुठे म्हणून विचारायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाबांनाही आहे. आतून आई ओरडते, "टोकलात मां परत? बस रे, पाणी पी नि जा." मग मी बसतो. बसलो की बाबांना कूस बदलून हवी असते. कूस बदलली की उशी. उशी झाली की आईला गॅसचा सिलिंडर सरकवून हवा असतो. मित्रांनी मला बोलवायचं कधीच सोडलंय आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

कंपनीकडून विचारणा झाली होती. मी मशीनच्या भागांची ड्रॉइंग करतो, आमचं बरंचसं काम जपानला जातं. तिथे दोन वर्षं जाशील का, असं साहेबांनी विचारलं आणि सोमवारी उत्तर मागितलं. घरी मी अवाक्षर काढलं नव्हतं. काढणार तरी काय? सकाळी बाबांना उचलून खुर्चीवर मीच ठेवतो, संध्याकाळी परत खाटेवर मीच. तिकडच्या पगारात त्यासाठी माणूस ठेवता आला असता, पण परका माणूस अंगाला हात लावायला आला की बाबा डाव्या हाताने त्याला ढकलतात. एक तर दुसऱ्याच दिवशी पळाला.

मला जायचं होतं. इतकं, की बाबांच्या पाठीला पावडर लावताना कधीकधी असे विचार यायचे जे इथे लिहवत नाहीत. मग मी पावडर जरा जास्तच लावायचो.

सोमवारी सकाळी नकार द्यायचा असं ठरवूनच निघालो. बूट घातले, बॅग घेतली, खाटेच्या पायथ्याशी आलो.

"खंय चललंस?"

रोज 'ऑफिसला' म्हणतो. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. कदाचित आदल्या दिवशीचं ते हसणं मनात असेल. तोंडातून निघून गेलं, "जपानला विचारतायत बाबा. दोन वर्षं. नाही सांगायला चाललोय."

आतला नळ बंद झाला. आज आईने बस म्हणायला हवं होतं, पण म्हणाली नाही.

बाबा छताकडे बघत राहिले. त्यांचे शब्द आजकाल तोंडात घोळतात, एकेक जुळवायला वेळ लागतो. मला ऑफिसला उशीर होत होता आणि त्याही क्षणी त्याचा मला राग येत होता.

"नाय कित्याक?" ते म्हणाले.

"तुम्हाला उचलणार कोण?"

"उचलतीत कोणय. मी नाय ढकलूचंय." मला वाटलं, झालं बोलून. पण ते पुढचं जुळवत होते. डावा हात चादरीवर हलत होता.

"मी मेलंय तर धावत येव नको," ते म्हणाले. "थंयच आंगोळ कर."

स्वयंपाकघरात आईने भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

बाबांनी आता डोळे मिटून घेतले होते. त्यांनी मला जा म्हणून सांगितलं होतं, तोंडात शेवटचं पाणी घालण्यातूनसुद्धा मोकळं केलं होतं, दार सताड उघडं होतं, आणि माझ्याने उंबरा ओलांडवेना. बॅग खांद्यावर तशीच ठेवून मी खाली बसलो.

त्या दिवशी मी ऑफिसला गेलोच नाही. साहेबांना होकार फोनवरून कळवला. बाबांच्या खाटेवर बसून, त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात.