डब्यातले बलक
गारखेड्यातल्या आमच्या जिमचा ट्रेनर व्यायामाआधी केळं आणि नंतर उकडलेली अंडी खायला लावायचा. अंड्यांतलं फक्त पांढरं. “पिवळं खायचं नाय, सर. लई चरबी,” म्हणत आम्ही टाकलेले बलक डब्यात भरायचा. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी, म्हणे.

एकदा विसरलेली बाटली घ्यायला परतलो, तर जिन्यात बसून तो तेच बलक भाकरीशी खात होता. त्यानं मला पाहिलं, पण हात थांबवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एक अख्खं अंडं ताटलीत सोडलं आणि स्वतःवरच खूश झालो. त्यानं ते फोडलं, बलक डब्यात टाकला आणि पांढरं माझ्यापुढं सरकवलं.

“हे खाऊन घ्या, सर. कुत्र्यांना पिवळंच लागतं.”